खोडलेली अकरा नावं

फिलू,

आज चर्चमध्ये तुझी सातव्या दिवसाची मिस झाली. मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले होते, मध्येच उठून जावंसं वाटलं तर जाता यावं म्हणून. पाद्रींनी प्रवचनात तुला 'निःस्वार्थ समाजसेविका' म्हटलं आणि तू शेजारी असल्यासारखा माझा चेहरा आपोआप वळला. हॉस्टेलमध्ये 'सेवा' हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची, असा नियम तूच केला होतास. पाद्रींनी तो शब्द चार वेळा वापरला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मान हलवत होते. हसायला कुणीच नव्हतं.

मला तुझा राग आलाय, तो आधी सांगून टाकते. भातकापणीच्या दिवसांत वाडीवाडीतून फिरून 'ताप आला की रक्त तपासा, चिखलात अनवाणी जाऊ नका' असं घसा फोडून सांगणारी तू, आणि स्वतः चार दिवस ताप अंगावर काढलास. पाचव्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा तुझ्या मांयनं शेजाऱ्यांना हाक मारली. गोव्याला नेईपर्यंत हातात काही उरलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लेप्टो. ज्या रोगाची पत्रकं तू वाटलीस त्याच रोगानं गेलीस. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर 'काय म्हणावं या माणसाला' म्हणून मोकळी झाले असते.

पण रागाच्या आड मी भलतंच काहीतरी टाळतेय, हे तू एव्हाना ओळखलं असतंस. तेव्हा सरळ लिहिते. ती अकरा नावं मी खोडली होती. तुझ्या वाडीत सगळे आजवर समजत आले की ती तू खोडलीस. तू कधी कुणाला खरं सांगितलं नाहीस, आणि मीही नाही. तू गप्प राहिलीस ती माझ्यासाठी. मीही माझ्यासाठीच गप्प राहिले.

आपली ओळख मुंबईत झाली, एमएसडब्ल्यूच्या मुलाखतीच्या दिवशी. मी कणकवलीची, सरकारी कारकुनाची मुलगी. आमच्या घरात कुठल्याही तक्रारीवर वडिलांचं उत्तर ठरलेलं असायचं, 'लेखी द्या.' मी आईकडे सहलीची परवानगी मागितली तरी ते पेपरामागून तेच म्हणायचे. त्यामुळे 'हे क्षेत्र का निवडलंस' या प्रश्नावर मी वंचितांचा आवाज, हक्काधारित दृष्टिकोन वगैरे सगळं पाठ करून गेले होते आणि न अडखळता म्हणून दाखवलं. तुझा नंबर माझ्या मागचा. तू आत काय सांगितलंस ते बाहेर येऊन तूच मला ऐकवलंस. घराजवळ नोकरी मिळेल असं कुणीतरी म्हणालं, म्हणून आले. तुझीही निवड झाली, याचं मला पुढे वर्षभर आश्चर्य वाटत होतं.

"खंयची गो तू?" तू विचारलंस.

"कणकवलीची."

"मगे इतक्या पुस्तकातलां कित्याक बोलतंस?"

मी चिडले होते. तुला अर्थातच त्याचं काही वाटलं नाही. माझ्या डब्यातली पोळी तू न विचारता उचललीस, आणि आपली मैत्री झाली.

आपल्याला एक पेपर होता, जनवकिली. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांची बाजू सरकारदरबारी कशी मांडायची, निवेदन कसं लिहायचं, पुरावे कसे गोळा करायचे, अधिकाऱ्यापुढे कसं बसायचं. मला तो विषय जीव की प्राण होता. सर प्रात्यक्षिकं घ्यायचे. एकदा तुला कलेक्टर केलं आणि मला शिष्टमंडळाची प्रमुख. मी मुद्देसूद बोलत होते आणि तू पाच मिनिटं रिकामा ड्रॉवर उपसत बसलीस. मग मान वर न करता म्हणालीस, "पुढच्या सोमवारी या." वर्ग हसून लोळला. सरही हसले. मी मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तुला चळवळींचा इतिहास आवडायचा, पण त्यावरच्या नोट्स आवडायच्या नाहीत. "ही माणसां मार खायत होती तेवा तेंका म्हायत नव्हतां की आपण सहा गुणांचो प्रश्न आसव," असं तू म्हणायचीस. परीक्षेत मी पहिली आले. तू काठावर पास झालीस.

दुसऱ्या वर्षी मला कावीळ झाली. घरी कळवू नको म्हणून मी तुझ्याकडून शपथ घेतली होती. तू हॉस्टेलच्या नियमाविरुद्ध खोलीत हीटर लपवलास आणि तीन आठवडे मला उकड्या तांदळाची पेज करून घातलीस. त्या तीन आठवड्यांत तू एकदाही माझी कीव केली नाहीस. पेज सांडली तर शिव्या घालायचीस. माझ्याशी इतकं सरळ आजवर कुणी वागलेलं नाही, फिलू. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तू ते म्हणू दिलं नसतंस, आणि मलाही ते म्हणायची लाज वाटली असती.

अभ्यासक्रम संपल्यावर एका संस्थेनं आपल्याला वर्षभराचं काम दिलं. किनाऱ्यालगत घुसणाऱ्या मोठ्या यांत्रिक बोटींविरुद्ध किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांना एकत्र करायचं आणि त्यांच्या वतीनं ओरोसला, जिल्ह्याच्या कार्यालयात, निवेदन द्यायचं. वाडी तुझीच. मी पहिल्याच दिवशी प्रश्नावली घेऊन हजर झाले. तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस.

"आदी दोरी ओढ. हातार फोड इले काय मगे इचार काय इचारूचां तां."

महिनाभर मी दोरी ओढली. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धा गोल फिरून येते आणि मग दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूत उभं राहून माणसांनी ओढायच्या, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ओढताना कंबर कशी मोडते ते पुस्तकात नव्हतं. मासळी वर आली की वाळूत वाटे लावायचे. होडीवाल्याचा, जाळंवाल्यांचा, ओढणाऱ्यांचा. आणि दोरीच्या अगदी शेपटाला ज्यानं हात लावला असेल, म्हातारी असो, विधवा असो, कुणी पाहुणा असो, त्याचाही. लहान का होईना, वाटा. भीक म्हणून कुणी काही द्यायचं नाही आणि मागायचंही नाही. हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी तुला विचारलं होतं, हा नियम कुणी केला. तू खांदे उडवलेस. "दोरीक ज्येणा हात लावल्यान, तो आपलो. किनाऱ्यार इतकोच कायदो."

त्या शेपटाला रुक्माय काकी असायची. सत्तरीच्या अलीकडची, नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिच्या ओढण्यानं जाळं इंचभरही पुढे येत नसेल. रापणीचा प्रमुख बाबी तांडेल तिला चिडवायचा, "रुक्माय, तू दोरी ओढतंस काय दोरी तुका ओढता?" ती म्हणायची, "तू वाटो ठेव, मगे काय तां इचार." आणि तो ठेवायचा. मूठभर तारल्या, कधी दोनचार बांगडे. ते टोपलीत घालून काकी घरी जायची तेव्हा रस्त्यात कुणी 'काय मेळला' विचारलं तर थांबून टोपली दाखवायची. तिच्याइतकी ऐटीत मासळी नेताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

निवेदनाला यादी हवी, हा आग्रह माझा. कोण कोण या रापणीवर जगतं हे कागदावर नसेल तर सरकारला ते दिसणार नाही, हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल. तू आठ दिवस नाही म्हणत राहिलीस. मग एक अट घालून तयार झालीस, की दोरीला हात लावणारं एकही माणूस सुटायचं नाही. तू स्वतः घरोघर गेलीस. काकीच्या पडवीत बसून तू तिचं नाव लिहिलंस, तेव्हा मी शेजारी होते. रुक्मिणी, नवऱ्याचं नाव, आडनाव. आपलं पूर्ण नाव तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नसावं. तिनं तुला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या वेळी ती स्वतःशीच पुटपुटली, "मिया आसंय." म्हणजे मीही आहे.

ओरोसला जायच्या दिवशी आपण दोघी वेगवेगळ्या निघालो. तू वाडीतून येणार होतीस आणि मी कणकवलीला यादी टाइप करून घेऊन. स्टँडजवळच्या दुकानात माझा नंबर यायला अर्धा तास होता. मी यादी चाळत बसले, आणि मला ती अकरा नावं दिसली. अकरा म्हाताऱ्या, विधवा. ना होडी, ना जाळं, ना परवाना. वडील नेहमी म्हणायचे, साहेब आधी यादीतली खोट शोधतो, एक खोट सापडली की बाकीचं वाचत नाही. मला वाटलं, अधिकारी म्हणेल, आकडा फुगवायला म्हाताऱ्या भरल्यात. माझ्या पर्समध्ये पेन होतं. मी अकराही नावांवर रेघ मारली. मला त्यात गैर काही वाटलं नाही, फिलू. उलट मी हुशारी केली असं वाटलं. आपलं निवेदन मजबूत झालं, मोठ्या बोटी गेल्या की या बायकांचंही भलंच होणार आहे, असं मी मनाशी म्हणाले. शिकवलेलं सगळं मला त्या क्षणी नीट आठवत होतं.

कार्यालयाच्या व्हरांड्यात तू टाइप केलेली यादी वाचायला घेतलीस. तुझं बोट एका जागी थांबलं. तेवढ्यात आत बोलावलं. साहेबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "व्यवस्थित आहे. इतकी नीटनेटकी यादी सहसा कुणी आणत नाही." आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून दिला. मला आकाश ठेंगणं झालं होतं. तू आत एक शब्द बोलली नाहीस. माझी शोभा होऊ नये म्हणून बोलली नाहीस, हे मला फार उशिरा कळलं.

एसटीत बोललीस.

"त्यो बायो खंय गेल्यो?"

"त्यांची नावं असती तर सगळ्यांचाच अर्ज लंगडा पडला असता."

"तां कोणी ठरवलां?"

"फिलू, ही यादी ऑफिससाठी आहे. किनाऱ्यावर काय फरक पडणार आहे?"

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. कसालच्या थांब्यावर म्हणालीस, "कागद एकदा किनाऱ्यार गेलो काय परत येणा नाय गो." मला वाटलं तू रागानं काहीतरी बोलतेयस.

पावसाळा सरला आणि रापणी सुरू झाल्या. त्या वर्षी मासळी नव्हती. बाहेर मोठ्या बोटी सगळं उपसून नेत होत्या, त्यासाठीच तर आपलं निवेदन होतं. वाळूत वाटे लहान लहान पडायला लागले, कुरबुर सुरू झाली, आणि एका सकाळी बाबी तांडेलनं शर्टाच्या आतून आपण त्याच्याकडे ठेवायला दिलेली, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली ती शिक्क्याची प्रत काढली. तो वाईट माणूस नव्हता. वाटा कमी करायचा तर कुणाचा, हे त्याला ठरवायचं नव्हतं, आणि आपल्या यादीनं ते त्याच्यासाठी ठरवून दिलं होतं.

"सायबाचो शिक्को आसा. ह्येच्यात नाव आसा तेकाच वाटो."

रुक्माय काकी हसली. तिला वाटलं, तो नेहमीसारखी थट्टा करतोय. "माजां नाव आसा. फिलून माज्या समोर लिवल्यान." त्यानं मान हलवली. तिनं त्याच्या हातून कागद घेतला आणि तुझ्या हातात दिला.

"वाच."

तू वाचलास. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असा. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. यादी संपली तेव्हा काकी अजून वाटच बघत होती. मग तिच्या लक्षात आलं.

"तीनदा वाचलंस," ती म्हणाली, "आणि मगे खोडलंस."

तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. फक्त एकदा. मी वाळूकडे पाहिलं. मला वाटलं होतं, आता तू सांगशील. तू कागदाची घडी घातलीस आणि बाबीला परत दिलीस. काकीनं रिकामी टोपली उचलली आणि गेली. ती त्यानंतर किनाऱ्यावर आली नाही.

त्याच संध्याकाळी मी तुला म्हणाले, चल, आपण दोघी जाऊन सांगू. हे मी म्हणाले खरं, पण तू नाही म्हणशील याची खात्री असल्यासारखं म्हणाले. तू अंगणात भांडी घासत होतीस. "तुजी मुलाखत आसा ना पुढल्या म्हयन्यात? जा तू. माका हयसरच ऱवाचा आसा. मी बगतंय." आणि मी गेले. मुलाखतीत त्या कामाचा अहवाल माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर होता. कणकवलीच्या कॉलेजात मला लागलीच घेतलं.

निवेदनाचं काय झालं ते तुला माहीत आहे. काही झालं नाही. उत्तर आलं नाही. बोटी आजही येतात. ती अकरा नावं मी ज्यासाठी खोडली ते कधी घडलंच नाही, आणि ज्यासाठी खोडली नव्हती ते मात्र तंतोतंत घडलं. आता तुझ्या किनाऱ्यावर शेपटाला कुणी उभं राहत नाही. यादी कुणी काढून दाखवतही नाही, गरजच उरलेली नाही. सगळ्यांना आपलं आपलं माहीत असतं.

मी दरवर्षी जनवकिली शिकवते. माझ्या तासाला आपली यादी पडद्यावर येते. 'लोकसहभागातून तयार केलेली यादी', असं खाली लिहिलेलं आहे. मुलं वहीत उतरवून घेतात. चांगली मुलं आहेत, फिलू. बरीचशी तुझ्यासारखीच, घराजवळ नोकरी मिळेल म्हणून आलेली. त्यांना मी काय शिकवते हे तू एकदाही येऊन ऐकलं नाहीस. बोलावलं तर म्हणायचीस, भात लावायचाय, म्हैस व्यायलीय, चर्चचं फेस्त आहे. मी मनोमन सुटकेचा श्वास टाकायचे.

तू मात्र तिथेच राहिलीस आणि ते निस्तरत बसलीस. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा दाखला. दर हंगामाला बाबीकडे जाऊन त्या बायकांसाठी भांडायचीस. स्वतः दोरी ओढून मिळालेला वाटा त्यांच्या दारात ठेवून यायचीस, आणि त्या तो मांजरांना घालायच्या, हेही तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. मी फोनवर 'अरेरे' म्हणाले होते. सहा वर्षं, फिलू. माझ्या एका वाक्यानं संपणारी गोष्ट तू सहा वर्षं वाहिलीस, आणि ते वाक्य बोलायला मला तुझ्या वाडीला यायची एसटी काही दूर नव्हती.

शेवटचं बोलणं आपलं फोनवर झालं, तू जायच्या तीनेक आठवडे आधी. मला विद्यार्थ्यांना घेऊन अभ्यास दौऱ्यासाठी तुझ्या वाडीत यायचं होतं. तू म्हणालीस, "घेवन ये पोरांक. पण तेंका त्या अकरा बायांचा सांग. तू सांग, मी नाय."

"पहिल्या वर्षाची मुलं आहेत. त्यांचा धीर खचेल."

"खचांदे."

"तुला बोलायला काय जातंय?" मी म्हणाले.

तू म्हणालीस, "बरां. मगे बोलूया." तुझ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते आहे. तुला बोलायला काय जातंय. मी आठवडाभर ते वाक्य परत घ्यायचे वेगवेगळे प्रकार मनात रचतेय. फोन उचलून सॉरी म्हणायचं होतं, तेही आज करू, उद्या करू, करत राहिलं. मुलांच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या होत्या. तुला ताप आला तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होते.

तुला मातीत ठेवलं त्या दिवशी मी मांयपाशी बसले होते. तिचा एकुलता एक आधार गेला आणि ती मला विचारत होती, "जेवलंस काय गो बाय?" मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुजी लय आठवण काढी ती. म्हणी, शुभा थंय पोरांक बरां शिकयता." मी तिच्या हातातून हात सोडवून घेतला आणि पाणी आणते म्हणून उठले.

पण आज मिस झाल्यावर मी ठरवलं. म्हटलं, तू नाहीस, तर निदान ज्या माणसानं तुला सगळ्यात जास्त दोष दिला तिला तरी खरं कळू दे. तुझं नाव तरी धुऊन निघू दे. इतकं तरी मी तुझ्यासाठी करायला हवं. चर्चपासून चालत मी रुक्माय काकीच्या घरी गेले. ती मिसेला नव्हती, तुझ्या मातीलाही नव्हती. पडवीत सुपात कुळीथ घेऊन निवडत बसली होती. फार वाकलीय. तिनं आधी मला ओळखलं नाही.

मी उभ्यानंच सांगितलं. "काकी, यादीत तुमचं नाव फिलूनं लिहिलं होतं. ओरोसला जायच्या दिवशी ते मी खोडलं. तिला माहीतही नव्हतं. दोष माझा आहे, तिचा नाही."

काकीचे हात थांबले.

"तिका मगे कळलां?"

"हो. त्याच दिवशी."

"आणि तां चेडू गप ऱवलां?"

"हो."

तिनं सूप बाजूला ठेवलं. मला वाटत होतं, ती मला शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. त्यासाठीच मी गेले होते बहुतेक.

"दर नाताळाक नेवऱ्यो घेवन माज्या दारात येय," ती म्हणाली. "भायर उबी ऱवान हाक मारी. काकी, काकी. मिया भितरसून आयकत ऱवय. दार उघडूक नाय. एकदाव नाय." मग जरा थांबून, "मेली तेवा मूठभर माती घालूक पण गेलंय नाय. म्हटलंय, बरां झालां."

"काकी, तुम्हाला माहीत नव्हतं. तुमचा काय दोष."

"मगे आता कित्याक सांगलंस?" तिचा आवाज चढला नाही. "ती होती तेवा सांगूक होया होतां. आता मिया तिका खंय जावन काय सांगू? तुका हलकां वाटला असतला. माका ह्यां काय दिलंस तू?"

मी काकीला एकदाही विचारलं नव्हतं, तुम्हाला हे ऐकायचंय का. मला जे बरोबर वाटलं ते मी ठरवलं आणि जाऊन करून आले, तुझ्या नावानं. त्या दुकानातही मी असंच केलं होतं, फिलू. किंमत भरली दोन्ही वेळा काकीनंच.

काकी भिंतीला धरून उठली. मला वाटलं, आत जाईल. ती पायऱ्या उतरून अंगणात आली, चपला न घालता, पदर डोक्यावर ओढून. मी हात पुढे केला. "तू येव नको," ती म्हणाली, आणि चर्चमागच्या दफनभूमीच्या रस्त्याला लागली. दर चार पावलांवर थांबत होती. मी तिच्या अंगणात उभी राहून बघत राहिले. ती तुझ्याकडेच येत होती, फिलू, आणि तिला काही सांगायचं होतं.